तळाला लावलेले पॉलिश

मी एक जुना टायर आहे. मोटरसायकलचा, आणि तोही मागचा. मित्रांनो, 'मागचा' म्हटल्यावर लोकांचे लक्ष लगेच उडते, याची मला सवय आहे. पुढच्या टायरचा तोरा काही औरच असतो. समोरचा रस्ता त्याला दिसतो, वळायचे कुठे ते त्याला आधी कळते, आणि गाडीची कोणी स्तुती केली की ती आपलीच आहे असे त्याला वाटते. मला जन्मभर दिसला तो मडगार्डचा आतला भाग आणि मागे पडत जाणारा रस्ता. पण इंजिनाचा जोर माझ्यावर, बसणाऱ्यांचे ओझे जास्त करून माझ्यावर, म्हणून आधी झिजतोही मीच.

ही तक्रार नाही. झिजणे हे आमचे कामच आहे. पण माझ्यावर एकदा एका अपघाताचा आळ आला होता. तो खोटा होता, आणि मला तोंड असते तरी मी तो नाकारला नसता. का, ते सांगण्यासाठी आज तुमच्याशी बोलतो आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. रबर, काजळी, धाग्यांचे थर आणि दोन्ही काठांना तारेची मजबूत कडी, इतकेच माझे भांडवल. ते सगळे एका साच्यात कोंबून वाफेने असे काही शेकले की बाहेर आलो तेव्हा मी नुसता फणफणत होतो. अंगावर रबराचे बारीक बारीक केस होते. बाजूवर माझे माप उठले होते, कोणत्या दिशेने फिरायचे ते सांगणारा बाण होता, आणि एका जागी चार आकडे होते. पहिले दोन आकडे वर्षातल्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ती माझी जन्मतारीख. बहुतेक गिऱ्हाईके ती न वाचताच टायर घेऊन जातात आणि वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडलेला म्हातारा नवाकोरा समजून घरी नेतात.

कारखान्यातून मी टायरवाल्या काकूंच्या दुकानात आलो. काकूंचे हात कोपरापर्यंत काळे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि आवाज समोरच्या फुटपाथपर्यंत पोचणारा. त्यांच्या दुकानात मला भिंतीवरच्या खुंटीला टांगले. तिथून मी गिऱ्हाइकांचे नमुने पाहिले. कोणी नक्षी बघून टायर घ्यायचे, कोणी रुंदी बघून. एका गृहस्थांनी तर आपल्या साध्या गाडीला भलताच जाडजूड टायर हवा म्हणून हट्ट धरला. काकू म्हणाल्या, "अहो, तुमच्या गाडीच्या पोटात तो मावेल का, ते आधी बघा!" गृहस्थ रुसून निघून गेले.

मग एक दिवस बाबा आणि त्यांची मुलगी आली.

बाबांचे बूट-चपला शिवण्याचे छोटेसे दुकान होते. चाळीस वर्षे त्यांनी तेच काम केले. लोक त्यांना 'मास्तर' म्हणत. पुढे त्यांची नजर अधू होत गेली. सुईच्या भोकात दोरा जाईना, टाके वाकडे पडू लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने दुकानाला कुलूप लावले आणि आपली मोटरसायकल मुलीच्या हवाली केली. मुलगी घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्ताचे नमुने गोळा करायची. गल्लीतली पोरे तिला 'सुईताई' म्हणत आणि ती दिसली की आपापल्या आयांच्या मागे लपत. घरात बापलेक दोघेच.

"बाबा, तुम्हीच बघा," ती म्हणाली. "मला सगळे सारखेच काळे दिसतात."

बाबांनी मला खुंटीवरून उतरवून घेतले. डोळ्यांनी पाहिलेच नाही. अंगठा दाबून रबर किती नरम ते पाहिले, कड वाकवून पाहिली, खाचांत बोट घालून त्यांची खोली पाहिली, अगदी कातडे पारखावे तसे. मग बाजूवरून बोट फिरवत फिरवत ते त्या चार आकड्यांपाशी थांबले. एकेक आकडा त्यांनी बोटाने वाचला.

"ताजा आहे. तीन महिन्यांचा सुद्धा नाही," ते म्हणाले. "तळ चांगला आहे. हाच घे."

काकूंनी चष्मा चढवून आकडे पाहिले आणि त्या चाटच पडल्या. "मास्तर, माझ्या दुकानात नोकरीला येता का?"

मित्रांनो, त्या दिवशी मला कळले की आपल्याला कोणीतरी नीट पारखून घेतले यापरते सुख नाही. बाबांच्या बोटांवर माझा तेव्हापासून जीव जडला.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. सुईताई पहाटे उठायची. मागच्या सीटवर नमुन्यांचा डबा पट्ट्याने आवळायची. मी तिला जिन्याशेजारच्या बोळातून, बाजाराच्या खडबडीत फरशीवरून, शाळेपुढच्या गतिरोधकांवरून न्यायचो. रोज तीच घरे आणि तेच जिने. उपाशीपोटी तिची वाट पाहत बसलेले आजी-आजोबा दार उघडायचे आणि सुई टोचायच्या आधीच 'आता चहा घेऊ का?' म्हणून विचारायचे. ती वर असताना मी खाली उभा राहून रस्ता न्याहाळायचो. साडेचार वर्षांत मी एकदा पंक्चर झालो, तेही एका खुर्चीच्या खिळ्याने. तेवढ्यावरून पुढच्याने मला महिनाभर टोमणे मारले.

रविवार मात्र माझा असायचा. रविवारी संध्याकाळी बाबा अंगणात स्टूल घेऊन बसायचे. शेजारी त्यांची जुनी पेटी असायची. त्यात चामडे कापायची रापी, आरी, मेण लावलेला दोरा, ब्रश आणि पॉलिशच्या डब्या. दुकान गेले तरी पेटी काही त्यांनी टाकली नव्हती. ते आधी सगळ्या गाडीवरून फडके फिरवायचे. मग माझ्याकडे वळायचे. माझ्या खाचांत रुतलेले खडे काढायचे, काचेचा कण शोधायचे, हवा दाबून पाहायचे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, झीज तिथपर्यंत पोचली की टायरचे दिवस भरले म्हणून समजायचे. ते उंचवटे किती खोल राहिलेत हे बाबा नखाने मोजायचे. "अजून चार-सहा महिने सहज जातील," असे त्यांनी त्या शेवटच्या रविवारी सांगितल्याचे मला स्वच्छ आठवते. सुईताईचा त्यांच्या शब्दावर पूर्ण भरवसा होता.

शेवटी ते माझ्या दोन्ही बाजूंना थोडे काळे पॉलिश लावून ब्रश मारायचे. त्याची गरज नव्हती. पण चाळीस वर्षांची सवय हाताला असते. मीही लाडात चमकून घ्यायचो.

त्या शेवटच्या रविवारी मात्र गोष्ट वेगळी होती. दुसऱ्या दिवशी सुईताईची मुलाखत होती. प्रयोगशाळेची एक नवी शाखा निघणार होती आणि तिथे प्रमुख म्हणून कोणाला तरी नेमायचे होते. तिथे तिची वर्णी लागली तर सकाळच्या या धावपळीतून ती सुटणार होती. ती घरात कागद जमवत होती, आणि अंगणात बाबा माझ्यासमोर बसून हसत होते.

त्यांच्या दुकानाची एक रीत होती. लग्नाला, मुलाखतीला, कुठल्याही मोठ्या कामाला जाणारा जोडा आला की ते त्याच्या तळालाही पॉलिश करायचे. नुसते वरून नाही, तळालाही. माणूस पायऱ्या चढतो, पाय दुमडून बसतो तेव्हा तळ दिसतो, आणि बघणाऱ्याला कळते की या माणसाच्या मागे कोणीतरी काळजी घेणारे आहे, असे ते म्हणायचे. ही रीत त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली होती. तिचे वेगळे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत.

आणि त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या तळाला पॉलिश केले.

जिथे मी रस्त्याला टेकतो, तिथेच. गाडी स्टँडवर चढवून, मला हळूहळू फिरवत, सगळीकडे. वर मेणाचा एक हात दिला. ब्रश मारला. "जा पोरी, राणीसारखी जा," असे स्वतःशीच पुटपुटले.

मला कळत होते, मित्रांनो. रबराने रस्ता धरायचा असतो, आणि मेण त्याला धरू देत नाही, एवढे तर कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक टायरला माहीत असते. पण मी ओरडणार कसा? आणि खरे सांगू? कोणी आपल्याला इतक्या मायेने कुरवाळत असले की नको म्हणवतही नाही.

सोमवारी पहाटे ती मुलाखतीआधीची नेहमीची फेरी उरकायला निघाली. गल्लीत मला जरा चाचरल्यासारखे झाले, पण रस्ता कोरडा आणि सरळ होता, निभावले. कोपऱ्यावर मात्र झाडांना पाणी घालणारा टँकर नुकताच गेला होता. रस्ता ओला. तिने नेहमीसारखी गाडी कलती केली. मी रस्ता धरायला गेलो आणि धरता आला नाही. रस्त्याच्या आणि माझ्या मध्ये बाबांची माया आली होती.

गाडी आडवी झाली. सुईताई घसरत फुटपाथच्या कडेपर्यंत गेली. गुडघा फुटला आणि उजवे मनगट मुरगळले. फुटपाथच्या दगडावर घासून माझ्या बाजूला एक खोल काप गेला. डब्यातल्या नळ्या अजून रिकाम्या होत्या, एवढेच नशीब.

समोरून येणाऱ्या दूधवाल्याने गाडी उचलली. "ताई, लागलं का फार? अहो, टायर गुळगुळीत झाला असेल तुमचा. बदलून टाका," तो म्हणाला.

ती उठून माझ्याजवळ आली. टायर गुळगुळीत झाला कसा, हे तिला कळेना, कारण बाबांनी कालच तो तपासला होता. तिने डावा हात माझ्यावर ठेवला आणि उचलून पाहिला. तळहात काळा झाला होता. तिने तो नाकाशी नेला. लहानपणी दुकानात बाबांच्या मांडीवर झोपताना जो वास यायचा, तोच वास होता.

ती फुटपाथवर बसली. आधी हसली, मग रडली. मग पाण्याची बाटली आणि गाडीतले फडके घेऊन एका हाताने मला घासत राहिली. दूधवाला बुचकळ्यात पडला. पोरीला डोक्याला तर मार लागला नाही ना, असे त्याच्या तोंडावर दिसत होते. पण ती घासत होती ते माझ्यासाठी नाही. घरी गेल्यावर बाबांनी माझ्यावरून हात फिरवला असता, म्हणून.

घरी आल्यावर ती म्हणाली, "टायर गेला होता, बाबा. जुना झालेला. चूक माझीच, मी लक्ष दिलं नाही."

तर तो आळ हा असा आला. मला काहीच वाईट वाटले नाही. उलट वाटले, बरे झाले, माझ्या नावावर घाल पोरी, माझे काय जाते? पण त्या खोट्याने काय केले हे तिला त्या वेळी कळले नाही. मला कळले, कारण मी अंगणात होतो आणि बाबा माझ्यासमोर येऊन उभे होते. त्यांनी आपली बोटे डोळ्यांपाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

"काल तर मी तपासला होता," ते म्हणाले. "चार-सहा महिने म्हणालो होतो. म्हणजे आता बोटंही गेली माझी."

नजर गेली तेव्हा बाबांनी हाय खाल्ली नव्हती, कारण बोटे शाबूत होती. त्या बोटांच्या जोरावर ते घरात ताठ मानेने वावरत होते. आता त्यांचा त्या बोटांवरूनही विश्वास उडाला. त्यांनी पेटी पलंगाखाली सरकवली. पुढच्या रविवारी स्टूल अंगणात आले नाही. चहात साखर पडली की नाही हेही ते मुलीला विचारू लागले. मुलाखत महिनाभर पुढे गेली होती आणि मनगटाला पट्टा होता, पण सुईताईचा जीव त्यातल्या कशात नव्हता. बाबा असे का झाले, हे तिला उमगत नव्हते. मला मात्र पेच दिसत होता. खरे सांगावे तर अपघाताचे पाप बापाच्या माथ्यावर येणार, आणि न सांगावे तर हे असे.

पट्टा सुटल्यावर ती गाडी ढकलत, बाबांना घेऊन काकूंच्या दुकानात आली. काकूंनी मला चाकावरून उतरवले. एवढ्या वर्षांनी मी पुन्हा त्या फरशीवर पडलो. त्यांनी शेजारी तीन नवे टायर मांडले. एक चांगला भारदस्त, मोठमोठ्या रबरी गोट्यांचा, एक रुंद, आणि एक साधा, पाणी निघून जायला तिरप्या खाचा असलेला.

"बोला मास्तर, कुठला?"

"तिलाच विचारा," बाबा म्हणाले आणि स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसले. "माझ्या बोटांचं आता काही खरं नाही."

सुईताईने त्यांच्याकडे पाहिले. त्या क्षणी तिला सगळा उलगडा झाला. तिचा चेहरा असा उतरला की मला माझ्या बाजूच्या कापाचा विसर पडला.

काकूंना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी खाचा मोजायची छोटी पट्टी काढून माझ्यात घातली. "अगं, पण हा झिजलाय कुठे एवढा? बाजूला काप गेलाय म्हणून टाकायचा. मधे भोक पडलं तर बुजवता येतं, बाजूचा काप नाही बुजवता येत. नाहीतर हा अजून चार-सहा महिने आरामात गेला असता."

सुईताईने डोळे मोठे केले. काकूंच्या ते उशिरा लक्षात आले.

"म्हणजे... तसा जुनाच की. जुना तो जुनाच. बदलाच तुम्ही," त्या गडबडीने म्हणाल्या. काकूंना टायर विकता येतात, खोटे बोलता येत नाही.

पण बाबांनी ते चार-सहा महिने ऐकले होते. ते उठले. चाचपडत माझ्यापाशी आले आणि फरशीवर बसले. त्यांनी माझ्या खाचेत बोट घातले, तळाशी नेले, नखाने उंचवटा मोजला. त्यांचे त्या दिवशीचे माप बरोबर होते. मग हा घसरला का? बोट तिथेच थांबले. खाचेच्या पार आत, जिथे सुईताईचे फडके पोचले नव्हते, तिथे काहीतरी चिकट होते. त्यांनी ते बोटावर घेतले आणि हुंगले.

बाहेर कोणाच्या तरी गाडीत हवा भरणारे यंत्र तेवढे घरघरत होते.

मी बाबांच्या अगदी समोर होतो. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. बोटे खोटी नव्हती! आणि लगेच त्यामागून दुसरे काहीतरी आले, ते मला पाहवले नाही. ते बोट त्यांनी हळूच आपल्या धोतराला पुसले.

"ते तिन्ही टायर इकडे आणा," ते म्हणाले.

गोट्यांचा टायर त्यांनी दाबून बाजूला सारला. "हा मातीतला. रोज डांबरावर चालवलं तर गुरगुर करेल आणि ओल्यात दगा देईल. दिसायला पैलवान आहे नुसता." रुंद टायरच्या बाजूवरून बोट फिरवत ते चार आकड्यांपाशी थांबले. "काकू, ह्याला चार वर्षं झाली की हो दुकानात!"

काकूंनी जीभ चावली. "मेला मागे राहून गेला होता तो. पुढे कोणी मांडला?" मांडला त्यांनीच होता.

बाबांनी तिसरा, साधा टायर मांडीवर घेतला. दाबला, वाकवला, वाचला. माप माझेच होते. "हा दे तिला," ते म्हणाले. मग कोणाकडेच न बघता त्यांनी विचारले, "काकू, ह्याच्या तळाला काय लावायचं असतं?"

"काही म्हणजे काही नाही. मास्तर, ह्यानं रस्ता धरायचा. चकाकला तर धरणार कसा? ओलं फडकं फिरवा, बस. आणि ताई, नवा टायर आधीच जरा गुळगुळीत असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर बेतानं चालव, वळणावर घाई नको. मग तो रुळतो."

"काहीच नाही लावायचं," बाबा स्वतःशी म्हणाले. मग म्हणाले, "हा जुना मला द्या. घरी नेतो."

अशा रीतीने मी मालकिणीच्या गाडीवरूनच, पण मागच्या सीटवर बाबांच्या मांडीवर बसून घरी आलो. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचा रस्ता दिसला. खास काही नव्हता.

पुढचे आठ-दहा दिवस घरात विचित्र शांतता होती. बाबांना कळले आहे हे तिला कळले होते, आणि तिला आधीपासून ठाऊक होते हे त्यांना. तरी दोघे भाजीत मीठ कमी आहे की जास्त यावरच बोलत. मात्र पेटी पलंगाखालून बाहेर आली. दुपारी ती कामावर गेली की बाबा मला पुढ्यात घेऊन बसत. रापीने त्यांनी माझे तुकडे केले. दुखले का, असे विचाराल तर नाही. त्या हातांनी केले म्हणून नाही. एकदा रापी त्यांच्याच अंगठ्याला लागली, तेव्हा मात्र मला कसेसे झाले.

मुलाखतीचा दिवस पुन्हा उजाडला. सुईताई आरशासमोर उभी होती. बाबा फडक्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन दाराशी आले.

"पोरी, तुझ्या टायरनं काही केलं नव्हतं," ते म्हणाले. "मी केलं होतं."

तिने कंगवा खाली ठेवला. "मला माहीत होतं, बाबा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पेटी फेकून दिली असती."

"आणि नाही सांगितलंस तर मी बोटं फेकून देणार होतो." ते हसायला गेले पण हसू आले नाही, डोळ्यांत पाणीच आले. "तुला काही झालं असतं तर, पोरी?"

तिने त्यांचे दोन्ही हात धरले. मुलाखतीला उशीर होत होता, पण तेव्हा घाई करायला कोणाला सुचत नव्हते.

मग बाबांनी फडके सोडले. आत तिचेच जुने काळे बूट होते. वरचे कातडे आरशासारखे लखलखत होते. त्यांनी बूट उलटे करून तिच्या हातात दिले. तळाला मी होतो. माझ्या उरल्यासुरल्या खाचा नीट आडव्या बसवलेल्या, कडेने मेणाच्या दोऱ्याचे टाके. दोन टाके जरा तिरपे पडले होते.

"वर केलंय पॉलिश," ते म्हणाले. "तळाला हात लावलेला नाही."

त्या दिवशी निघण्यापूर्वी तिने त्यांना अंगणात नेले, नव्या टायरपाशी बसवले आणि त्यांचा हात त्यावर ठेवला. "दर रविवारी तपासायचा. खडे, काचा, हवा, झीज, सगळं. तुम्ही हो म्हणाल तरच मी सोमवारी गाडी काढणार." बाबांनी तिथेच बोट फिरवले. नव्या टायरला गुदगुल्या झाल्या असाव्यात. मला थोडा हेवा वाटला, पण थोडाच.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर माझे एवढे ऐका. टायर घ्यायला जाल तेव्हा नक्षीवर भाळू नका, आधी ते चार आकडे वाचा. गाडीला जे माप सांगितले आहे तेच घ्या. हवा पाहत जा. आणि गाडी काय, माणूस काय, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला काय हवे आहे, ते एकदा विचारा. विचारता येत नसेल, तर जाणत्याला विचारा. बाबांची माया कधीच कमी पडली नव्हती, फक्त काकूंना हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

मुलाखतीच्या इमारतीपुढची फरशी आणि पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या होत्या. पाणी अजून चकाकत होते. सुईताईने गाडी थांबवली आणि डावा पाय खाली टेकवला. मागचा असलेला मी त्या दिवशी सगळ्यांत आधी जमिनीला टेकलो. फरशी गार होती, ओली होती. मी ती घट्ट धरली.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. गाडीचा आवाज त्यांनी गल्लीच्या तोंडापासून ओळखला होता. मुलाखतीचे काय झाले, हे त्यांनी विचारले नाही. ते खाली वाकले, तिने काढून ठेवलेला बूट हातात घेतला आणि माझ्यावरून बोट फिरवले.

"धरलं का?" त्यांनी विचारले.

"धरलं, बाबा," ती म्हणाली. नवी जागा मिळाल्याचे तिने त्यानंतर सांगितले.